आबांनी धरलेला रस्ता

२ जानेवारी

विमा एजंटानं यंदाही डायरी दिली. दरवर्षी ती लेकीकडे, सायलीकडे जाते आणि तिच्यात परकर नेसलेल्या बाहुल्या काढल्या जातात. यंदा मी ठेवून घेतली. रविवारी आबांना इथं बीडला आणायचंय आणि मला कुठं तरी बोलावं लागणार आहे. रामेश्वर परळीच्या वीज केंद्रात; शनिवारी राखेनं माखलेले कपडे घेऊन येतो, रविवारी झोपतो, सोमवारी पहाटे जातो. फोनवर तो फक्त "हं" म्हणतो. नवरा म्हणून चांगला आहे, ऐकणारा म्हणून शून्य.

आबांचं असं की, आई गेल्यापासून ते नेकनूरच्या अलीकडे वस्तीवर एकटेच मेंढरं राखत होते. दिवाळीनंतर रानात चक्कर येऊन पडले. दिवसभर कुणाला पत्ता नाही. मेंढरं त्यांच्याभोवती घोळका करून उभी होती, ती लांबून दिसली म्हणून चतुरा आत्याला सापडले. मी त्यांची एकुलती एक. भांडून, रडून, जेवण टाकून शेवटी त्यांना तयार केलं. मेंढरं आत्याच्या कळपात गेली. आबांनी एकच अट घातली, "उन्हाळा लागूस्तोवर बघतो. जमलं तर ऱ्हातो. न्हाई जमलं तर मला माघारी सोडायचं, रडायचं न्हाई."

मी हो म्हटलं. पण जमवायचंच आहे मला. तिकडे पुन्हा पडले तर पुढच्या वेळी कोण बघेल?

५ जानेवारी, रविवार

आणलं. सामान म्हणजे घोंगडं, काठी आणि आईचा फोटो. बाकी सगळं आत्याला वाटून टाकलं होतं.

आल्या आल्या तमाशा. आम्ही पाण्याच्या टाकीच्या चौकात जीपमधून उतरलो. चौपदरी रस्ता, मध्ये दुभाजक, सिग्नलला हिरवा दिवा, समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी वाजवत येतोय. आबांनी उजवा हात वर केला, काठी आडवी धरली आणि सरळ रस्त्यात जाऊन उभे राहिले. ट्रॅक्टर थांबला! त्याच्यामागे सगळेच थांबले. आबा मला म्हणाले, "चल, माय." माझ्याआधी चौकातली अर्धी जनता निघाली, फुकटचा सौदा म्हणून. सगळे पार झाल्यावर आबांनी काठी खाली घेतली, कपाळाला लावली आणि ट्रॅक्टरवाल्याला राम राम केला. त्यानंही केला.

आणि समोर माझा बोर्ड. 'मोहिनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल, खास महिलांसाठी.' खाली लाल अक्षरांत, 'नियम पाळा, अपघात टाळा.' बोर्ड लावून सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

९ जानेवारी

आबा सगळ्यांना राम राम घालतात. दूधवाल्याला, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याला, मोबाईलवर बोलत जाणाऱ्या पोरीला. ती पोरगी दचकून दोन पावलं मागे सरली. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरात न विचारता शिरले आणि "जेवलात का?" म्हणून विचारून आले. बाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुमचे वडील ना ते? नाही, चांगले आहेत. पण आम्हाला सवय नाही ना." चांगले आहेत हे ज्या सुरात म्हटलं तो सूर माझ्या कानातून जाईना.

आबांना सांगितलं, आबा, शहरात माणूस ओळखीचा असल्याशिवाय बोलायचं नसतं. दाराची बेल वाजवायची, बोलावलं तरच आत जायचं. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "बोलल्याबिगर वळख कशी व्हायची?"

मी चहा टाकायला उठले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाचा डबा गायब. शोधत खाली गेले तर आबा चौकात, लाल दिव्याला थांबलेल्या गाड्यांमधून फिरतायत आणि एकेकाच्या हातावर तिळगूळ ठेवतायत. लोक हेल्मेटची काच वर करून खात होते. दिवा हिरवा झाला तरी एक जोडपं हलेना, त्यांचं पोरगं दुसऱ्यांदा मागत होतं.

कोपऱ्यावर सलीमभाईंचा पेरूचा गाडा आहे. ते पोट धरून हसत होते. "ताई, या चौकात आजवर कुणी कुणाला शिवीशिवाय काही दिलं न्हाई. चाचांनी तिळगूळ दिला!"

हसू मलाही आलं. पण घरी आणून बोललेच. तिळगूळ द्यायला गेलात आणि मागून कुणी ठोकलं तर? आबा म्हणाले, "मानूस समोर बघतंय की, मोहने." मी म्हटलं, नाही आबा, इथं माणूस समोर बघत नाही, दिव्याकडे बघतो. तुम्हीही दिव्याकडे बघायचं.

१९ जानेवारी, रविवार

आज शिकवणी. क्लासमध्ये बायकांना शिकवते तसंच, फळ्यावर रस्ता काढून, सायलीची खेळण्यातली मोटार घेऊन. हा पादचारी पट्टा. हा लाल, हा हिरवा. आपल्या समोरच्या गाड्या लाल दिव्यावर थांबल्या की मग निघायचं, आधी उजवीकडे, मग डावीकडे बघायचं. आबा मन लावून ऐकत होते. सगळं झाल्यावर विचारलं, "आन् लाल असून बी कुणी थांबलं न्हाई तर?"

तर काय! निम्मा गाव थांबत नाहीच. उलट्या दिशेनं येतात, पट्ट्यावर गाड्या लावतात, तिघं तिघं एका मोटारसायकलवर, तोंडात गुटखा आणि हात हॉर्नवर. फुटपाथ आहे तो रसवंतीवाल्याचा. मी म्हटलं, "लोक चुकतात म्हणून आपण चुकायचं नाही. आपण थांबायचं."

"आन् आपलं कोण मागं ऱ्हायलं तर?"

"ते त्याचं बघून येईल, आबा. प्रत्येकानं आपापलं बघायचं. त्यालाच शिस्त म्हणतात."

ते म्हणाले, "तुजी आई मागून हाकायची म्हनून जमायचं." त्यांचं मन अजून मेंढरांतच आहे. मलाही आठवलं. मी सायलीपेक्षा लहान होते. हायवे आला की आबा पुढे जाऊन मधोमध काठी आडवी धरून उभे राहायचे. याला ते रस्ता धरणं म्हणत. आई मागून कळप हाकायची, मी आईच्या पुढे, कडेवर कोकरू. ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे. आबा ओरडून विचारायचे, "पार झालं का समदं?" शेवटचं मेंढरू, लंगडं असो की आजारी, रस्त्याखाली उतरलं की आई ओरडायची, "आलं!" ती ओरडल्याशिवाय आबांची काठी खाली यायची नाही. त्या काळी ट्रक तरी किती होते! आता त्या जागेला टोलनाका झालाय. जुन्या सवयी जुन्या रस्त्यावर ठीक.

२३ जानेवारी

रस्ता सुरक्षा अभियानात सायलीच्या शाळेत माझं भाषण झालं. प्रमुख पाहुणी! टाळ्या, गुलाबाचं फूल, नारळ. आणि शाळा सुटल्यावर त्याच शाळेच्या दारात माझ्या वडिलांनी काठी आडवी धरून रस्ता अडवलेला. पोरांची रांग पार करवत होते. पोरं "आबा, आबा" करत उड्या मारत होती.

एक मोटारसायकलवाला अगदी काठीपाशी येऊन थांबला. "ए म्हाताऱ्या, मरायचं का बे? रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

आबा शांत. "न्हाई लेकरा. बापाचा न्हाई. तू जरा थांब, लेकरं चालल्यात."

त्यानं काठीला लाथ मारली. काठी उडून गटाराच्या कडेला पडली. आबा वाकले, ती उचलली, धोतराला पुसली. माझ्यासमोर माझ्या बापाला कुणी 'बे' म्हणावं! मी त्या पोराच्या अंगावर धावून गेले. पण तो निघून गेला आणि माझा सगळा राग आबांवर निघाला. रस्त्यातच. शिक्षिकांसमोर. "तुमच्यामुळं हे ऐकावं लागतं," मी म्हणाले. घरी येऊन काठी माळ्यावर टाकली, गाद्यांच्या मागे. शहरात काठीचं काय काम?

आबांनी काठी मागितली नाही. मागितली असती तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

३० जानेवारी

आबा शिकले!

काल वीज गेली म्हणून सिग्नल बंद. मी क्लासवरून उशिरा येत होते. आबा पट्ट्याच्या कडेला उभे, हात मागे बांधून, दिव्याकडे बघत. मला वाटलं आत्ताच आलेत. सलीमभाई म्हणाले, "दुपारच्या चहाला निघाले होते ताई, माझ्याकडं. तवापासून तिथंच हायेत. मी दोनदा बोलावलं. म्हणाले, दिवा लागू दे."

मी हसले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हेच मी बायकांना शिकवते. उतावीळ झाल्याशिवाय अपघात होत नाही. आबांना म्हटलं, दिवा बंद असेल तेव्हा माझी वाट बघत जा, मी नेते. ते म्हणाले, "बरं."

८ फेब्रुवारी

रामेश्वर आला. दुपारी जेवताना मधेच म्हणाला, "आबा गप गप झालेत." हा माणूस महिनाभर "हं" म्हणतो आणि एकदा बोलला की हे बोलतो.

मी म्हटलं, रुळलेत. नवीन ठिकाणी माणूस आधी धडपडतो, रुळला की शांत होतो. आता राम राम घालत नाहीत. बेल वाजवतात. वरच्या बाईसुद्धा म्हणाल्या, "आता काही त्रास नाही हो तुमच्या वडिलांचा." फक्त जेवण कमी झालंय, पण ते उन्हामुळे असेल. दिवसभर गॅलरीत बसतात. सायलीला शाळेतून आणायला तेवढे जातात. तेवढं काम मी मुद्दाम ठेवलंय त्यांच्याकडे, पाय मोकळे होतात.

रामेश्वर म्हणाला, "एकदा आत्याकडं नेऊन आण." मी म्हटलं, आत्ता नको, घडी बसतेय, विस्कटेल. मार्चमध्ये जाऊ.

१३ फेब्रुवारी

आबांनी आज स्वतःहून एक गोष्ट विचारली. "मोहने, उन्हाळा कधी लागला म्हनायचं गं इथं?"

मी म्हटलं, अजून अवकाश आहे, आबा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहिता येत नाहीये. पण लिहिलं नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

संध्याकाळी मी क्लास संपवून शाळेच्या बाजूनं चौकात येत होते. पुढे आबा आणि सायली दिसले. गाड्यांना हिरवा दिवा होता. म्हणजे थांबायचं. मी लांबून बघत होते, आबा थांबतात का. थांबले. पण तेवढ्यात सायलीला पलीकडे सलीमभाईंच्या गाड्यावर तिची मैत्रीण दिसली आणि ती हात सोडून पळाली. आबा तिच्यापुढे धावले, हात वर केला, रस्त्यात उभे राहिले. गाड्या थांबल्या. सायली पार झाली. सलीमभाईंनी तिचा हात धरला.

इथंपर्यंत सगळं ठीक होतं. मी तोवर पट्ट्याशी पोचले होते. आबांनी मागे वळून पाहिलं आणि मी दिसले. त्यांचा चेहरा असा उजळला! महिनाभर मी तो तसा पाहिला नव्हता. हात वर धरूनच म्हणाले, "ये, मोहने. ये."

मी मान हलवली. दिव्याकडे बोट दाखवलं. अजून हिरवा होता. मला वाटलं, आत्ता मी त्यांच्यामागे गेले तर सगळं शिकवलेलं पाण्यात. म्हणून मी हात मागे बांधून उभी राहिले, त्यांना दिसावं म्हणून. पोरगी नियम पाळते हे बघून तेही जातील पलीकडे. मी हातानं खुणावलं, जा, तुम्ही जा. शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "जावा की हो, म्हातारबा थांबलेत तुमच्यासाठी." मी तिला म्हटलं, "सिग्नल दिसत नाही का?"

आबा हलले नाहीत. हॉर्न वाजायला लागले. आबांचा हात वरच. "ये गं माय," असं दोनदा म्हणाले. मी नाही गेले.

थांबलेल्या बसच्या मागून एक पिकअप बाहेर निघाला. त्याला बसपुढचं काही दिसलं नसणार. माझ्या क्लासच्या गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे. माझा उजवा पाय फुटपाथच्या फरशीवर दाबला गेला, जीव खाऊन. फरशीला कसला ब्रेक!

मला एकच कळत नाही. सायली पार झाली होती. रस्ता मोकळा होता. दोन पावलं टाकली असती तर पलीकडे गेले असते. आबा मध्येच का थांबले?

२५ फेब्रुवारी

डोक्याला मार आहे, मांडीचं हाड मोडलंय. इथले डॉक्टर म्हणाले, संभाजीनगरला न्या. रुग्णवाहिका निघाली तर पाण्याच्या टाकीच्या चौकात गाड्या तुंबलेल्या. मी आतून ओरडायला लागले. काचेतून पाहिलं, सलीमभाई गाडा सोडून रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे. त्यांच्या शेजारी रसवंतीवाला. मोटारसायकलवरची पोरं उतरून गाड्या कडेला ढकलत होती. ज्यांना मी रोज शिव्या घालते ती हीच माणसं. आम्ही पार होईपर्यंत एकानंही हॉर्न वाजवला नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रामेश्वर परळीच्या गर्दीतून कसाबसा निघून पोचला. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर तो "हं" म्हणाला आणि रडायला लागला.

दुपारी आबांनी डोळे उघडले. मी वाकले. ओठ हलत होते. "पार झालं का समदं?"

मेंढरांत जीव अडकलाय. मी म्हटलं, "हो आबा. मेंढरं आत्याकडं सुखरूप आहेत. दोन कोकरं पण झालीत."

त्यांनी मान हलवली, नाही अशी. पुन्हा तेच. "पार झालं का?"

"आबा, तुम्ही आता रस्त्यात नाही. दवाखान्यात आहात. झोपा."

"मोहनी?"

"मी इथंच आहे ना, आबा. तुमच्याजवळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं पण मला ओळखलं नाही. माझ्या मागे, लांब कुठं तरी बघत राहिले. उजवा हात पलंगावरून उचलायचा प्रयत्न करत होते. सलाईन निघेल म्हणून नर्सनं तो हात पट्टीनं बांधला. मीच तिला बांधायला सांगितलं.

२८ फेब्रुवारी

आबा गेले. पहाटे.

शेवटपर्यंत तेच विचारत होते आणि मी शेवटपर्यंत मेंढरांचं सांगत होते. त्यांचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. काय पाहिजे होतं, आबा? मी काय सांगायला हवं होतं?

१ मार्च

वस्तीवर माती झाली. आईशेजारी. घोंगडं आत्यानं त्यांच्या अंगावर घातलं. मी माळ्यावरून काठी काढून नेली होती. गाद्यांच्या धुळीनं माखलेली. आत्या म्हणाली, "काठी न्हाई पुरायची. काठी मागच्याला लागती." मग ती तिनंच ठेवून घेतली.

५ मार्च

दहाव्याला जायच्या आधी क्लासचं बघायला बीडला आले. सलीमभाईंनी पेरूची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "चाचा मला एक दिवस बोलले होते, ताई. मी विचारलं, चाचा, तुमी सगळ्यांच्या शेवटी पलीकडं कावून जाता? म्हणाले, आदी गेलो तर मागं वळून बघावं लागतं. मागं वळून बघितलं आन् कुणी न्हाई दिसलं तर?"

मी म्हटलं, आईच्या आठवणीनं बोलत असतील. सलीमभाई गाड्यावरचं फडकं झटकत राहिले.

वरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "जेवलात का?" मी जिन्यातच बसून रडले.

९ मार्च, रविवार

दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. सगळे खोळंबले. कुणी म्हणे मेंढरांत मन आहे, मेंढरं नीट सांभाळू म्हणा. म्हटलं. कुणी म्हणे नातीत आहे. सायलीनं हात जोडून "आबा, मी छान शिकेन" म्हटलं. तरी नाही. शेवटी उन्हं चढली, दर्भाचा कावळा करून लावला आणि उरकलं.

चतुरा आत्या लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "त्या दिशी झालं तरी कसं, मोहने? मला कुणी नीट सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, नंतर सांगते.

१६ मार्च, रविवार

मी अजून वस्तीवरच आहे. सायलीची शाळा आहे म्हणून रामेश्वर तिला घेऊन बीडला गेला. त्यानं रजा काढलीय. मला चौक बघवत नाही.

आज आत्याबरोबर मेंढरांमागे गेले. दुपार कलल्यावर कळप पलीकडच्या रानात न्यायचा होता, मध्ये हायवे. आत्या पुढे झाली. सत्तरीची बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, आबांची काठी आडवी धरून मधोमध जाऊन उभी राहिली. राखेचा एक टँकर आला, थांबला. त्यामागे कार, त्यामागे ट्रॅव्हल्स. कळप उतरला आणि पाण्यासारखा पलीकडे गेला. मागून हाकायला मी होते. शेवटचं एक थोराड मेंढरू रेंगाळलं, त्याला ढकलून पार केलं आणि मी कडेलाच थांबले. पाय पुढे टाकवेना. त्या दिवसापासून मी एकटीनं रस्ता ओलांडलेला नाही, हे मला तिथं उभी राहिल्यावर कळलं.

आत्या रस्त्यातच. काठी आडवी. टँकरवाल्यानं हॉर्न दिला.

मी ओरडले, "आत्या, तू जा! मेंढरं झाली सगळी! मी येते मागून!"

"तू ये आदी."

"अगं, गाड्या बघ! सरक तिथून! आत्या, तुला लागेल!"

"येडी का काय तू," आत्या ओरडली. "रस्ता धरल्यावर मागचं मानूस सोडून हलता येतं का? तू आल्याबिगर मी कशी जाऊ?"

टँकरचं इंजिन थरथरत होतं. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला आबा दिसले. हात वर. उजळलेला चेहरा. ये गं माय.

ते मध्येच थांबले नव्हते. ते माझ्यासाठी थांबले होते. मी हात मागे बांधून उभी होते, त्यांना धडा शिकवत, आणि ते माझ्यासाठी रस्ता धरून उभे होते. काठीशिवाय, कारण काठी मी काढून घेतली होती. त्यांनी दवाखान्यात मेंढरांचं विचारलंच नव्हतं. मला विचारत होते. मी पार झाले का, एवढंच. आई असती तर एका शब्दात सांगितलं असतं. मी त्यांच्या उशाशी बसून होते, हात हातात धरून, आणि तो एक शब्द मला सुचला नाही. आणि त्यांनी तो हात वर करू नये म्हणून मी तो बांधायला लावला.

आबा, मला माफ करू नका.

मी निघाले. उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही, फक्त आत्याच्या तोंडाकडे बघत चालले. डोळ्यांतल्या पाण्यानं तेही धड दिसत नव्हतं. पलीकडच्या मातीवर पाय टेकला. मेंढरं थांबून माझ्याकडे बघत होती. आत्या रस्त्यातूनच ओरडली, तिच्या भावासारखीच,

"पार झालं का समदं?"

टँकरवाला, कारवाला, सगळे थांबलेले. मी जोर करून ओरडले, आत्यासाठी नाही, वस्तीवरच्या त्या मातीपर्यंत जावं म्हणून ओरडले.

"आले! आले मी, आबा!"

आत्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग काठी खाली घेतली, कपाळाला लावली आणि टँकरवाल्याला राम राम करून रस्ता सोडला.